दर नंतर विचारा, आधी बैठकीचा नकाशा मागा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्या तालुक्याला जुनं उघडं मैदान जाऊन तिथं सरकारी निधीतनं बंदिस्त स्टेडियम होतंय, खुर्च्या, मोठे लाईट, मॅट सगळं, आणि तुम्ही सहा-सात मित्र गेली वीस वर्षं तिथली कबड्डीची एक स्पर्धा आणि कुस्तीचं एक मैदान चुकवलेलं नाही, तर आता तिकीट किती वाढंल असं तुम्ही विचारलंय. मी सांगलीचा. २३ वर्षं स्पर्धांच्या तिकिटाचं, गेटचं आणि गॅलरीचं काम करतोय, मातीवरची मैदानं, मॅटवरची कबड्डी, मधनंअधनं क्रिकेट. त्यामुळं जे सांगतोय ते हिशोबाच्या वहीतनं आणि गेटवर उभं राहून कळलेलं आहे.

तुम्ही विचारलंय दराबद्दल, पण शेवटी जी ओळ लिहिलीय, "आम्हाला पहिल्यासारखं पुढं बसायला मिळंल का", तोच खरा प्रश्न आहे. ह्या दोन गोष्टी एक नाहीत. तिकीट स्वस्त राहूनही जुना माणूस बाहेर पडतो हे मी बघितलंय, आणि तिकीट वाढूनही तोच माणूस त्याच जागी बसलेला बघितलाय. म्हणून आधी दर कसा ठरतो ते सांगतो आणि मग जागेचं.

स्टेडियमला इतके कोटी लागले म्हणून तिकीट वाढलं असं सगळे म्हणतात, आयोजक पण तसंच सांगून मोकळे होतात. तसं नसतं. तिकीट ठरवताना आम्ही दोनच गोष्टी बघतो, ह्या जोडीला किंवा ह्या टीमला बघायला लोक किती देतील आणि विकायला जागा किती आहेत. बांधकामाला दोन कोटी लागले काय आणि वीस कोटी लागले काय, जे तिकीट १०० ला जात नाही ते १५० ला जाणार नाही. इमारतीचा खर्च तिकिटात येतो तो आडवाटेनं. कुणी कर्ज काढून बांधलं असलं तर हप्ते फेडायला त्याला महागडे बॉक्स आणि सोफे विकावेच लागतात. सरकारी निधीतनं झालं असलं, जसं तुमचं आहे, तर हप्त्याची भानगड नाही पण आयोजकाला दिवसाचं भाडं, डिपॉझिट, लाईटबिल, जनरेटरचं डिझेल, साफसफाई, सिक्युरिटी हे सगळं भरावं लागतं, जे उघड्या मैदानावर पोरं अंगावर घेऊन करत होती. तेव्हा पहिली चौकशी ही करा की दिवसाचं भाडं किती आणि तालुक्यातल्या मंडळांना त्यात सवलत आहे का. भाडं जास्त ठेवलं तर तिकीट वाढतं एवढंच होत नाही, छोटी मंडळं स्पर्धाच भरवायची बंद करतात, आणि तुमच्यासारख्याचं खरं नुकसान तिथं आहे.

आता जागांचा हिशोब सांगतो, हा कुणी उघड करून सांगत नाही. जुनी गॅलरी म्हणजे लोखंडी पाईप आणि फळ्या. फळीवर आम्ही चुन्यानं खुणा मारायचो, माणशी दीड फूट, आणि दोन फळ्यांत अंतर दोन फूट, म्हणजे एका माणसाला तीन चौरस फूट. खुर्ची आली की रुंदी पावणेदोन फूट आणि ओळीत अडीच-पावणेतीन फुटाचं अंतर, कारण खुर्चीपुढनं माणूस जायला वाट पाहिजे, म्हणजे साडेचार चौरस फूट झाले. तेवढ्याच जागेत जिथं ३००० माणसं दाटीवाटीनं बसत होती तिथं आता २००० बसणार. समजा जुनं तिकीट सरसकट ६० रुपये होतं, ३००० माणसांचे १ लाख ८० हजार. तेच १ लाख ८० हजार २००० खुर्च्यांतनं काढायचे तर ९० रुपये लागतात. त्यातल्या ३०० खुर्च्या पाहुणे, देणगीदार, नगरसेवक, पत्रकार ह्यांना गेल्या की विकायला उरल्या १७००, मग १०६ होतात, म्हणजे तिकिटावर ११० छापायचं. कुणाच्याही मनात लूट करायची नसताना ६० चे ११० असे होतात. अर्थात नवीन स्टेडियम जुन्यापेक्षा बरंच मोठं असंल तर गणित उलटं फिरतं, म्हणून तुमच्याकडं जुन्या जागा किती होत्या आणि नवीन किती हा आकडा मिळाल्याशिवाय कुणी छातीठोक दर सांगत असंल तर ऐकू नका.

आता पास, म्हणजे पाहुण्यांना आणि संस्थांना आधीच वाटलेल्या जागा. माझ्या मते जुन्या प्रेक्षकाला सगळ्यात जास्त बाहेर काढलंय ते पासानं, दरानं नाही. मुंबईचं वानखेडे का बांधलं गेलं हे माहितीय का? आधी टेस्ट मॅच ब्रेबॉर्नवर व्हायच्या, ते स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, आणि आपल्या वाटणीला तिकिटं किती ह्यावरनं मुंबईच्या असोसिएशनचा क्लबशी वाद झाला. तो मिटला नाही तेव्हा असोसिएशनच्या शेषराव वानखेड्यांनी थोड्याच अंतरावर आख्खं दुसरं स्टेडियम उभं केलं आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथं वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली टेस्ट झाली. म्हणजे जागावाटपाच्या भांडणातनं झालेलं स्टेडियम. आणि त्याच वानखेडेवर २ एप्रिल २०११ ला वर्ल्डकप फायनल झाली तेव्हा काय झालं? आधी नूतनीकरणात जागा कमी होऊन साधारण ३३ हजारावर आल्या होत्या, आणि त्यातली सर्वसामान्य लोकांना विकायला आलेली तिकिटं सुमारे ४ हजार. बाकीची क्लब, संस्था, आयसीसी, प्रायोजक अशी वाटली गेली. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला दर १०० असो नाहीतर १०,०००, त्याच्यासाठी जागाच नव्हती. तेव्हा तुमच्या स्टेडियमच्या समितीला दर विचारायच्या आधी हे विचारा की एकूण जागांपैकी तिकीट खिडकीवर विकायला किती येणार.

आता दर कमी ठेवूनही काय बिघडतं ते बघा. लंडनच्या वेस्ट हॅम ह्या फुटबॉल क्लबनं २०१६ मध्ये आपलं जुनं अप्टन पार्क सोडलं आणि ऑलिंपिकच्या स्टेडियममध्ये गेले. तिकीट त्यांनी वाढवलं नाही, उलट सगळ्यात स्वस्त सीझन तिकीट २८९ पौंडाला दिलं, तिथल्या मानानं लई स्वस्त. तरी लोक चिडले, कारण ते स्टेडियम धावण्याच्या स्पर्धांसाठी बांधलेलं, प्रेक्षक आणि मैदानाच्या मध्ये लांबलचक अंतर, आणि वर्षानुवर्षं शेजारी बसणारी माणसं वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये फेकली गेली. मार्च २०१८ मध्ये बर्नलीविरुद्धच्या मॅचला लोक मैदानात उतरले इतका राग साठला होता.

हे आपल्याकडं कसं लागू होतं ते कबड्डी बघणाऱ्याला सांगायला नको. मॅटच्या कडेला दहा फुटावर बसलं की रेडरचा दम ऐकू येतो, बोनस लाईनच्या, म्हणजे जादा गुणाच्या रेषेच्या, पलीकडं पाय पडला का नाही हे पंचाच्या आधी तुम्हाला कळतं, आणि पायाच्या पकडीला कोपऱ्यातला माणूस कधी झेप घेणार हे त्याच्या खांद्यावरनं ओळखता येतं. साठ फूट लांब आणि वीस फूट उंच बसवलं की तुम्ही स्क्रीनकडं बघायला लागता. मग माणूस म्हणतो, स्क्रीनच बघायचा तर घरी टीव्ही काय वाईट आहे. कोल्हापूरचं खासबाग बघा, शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१२ सालचं, मध्ये आखाडा आणि चारी बाजूनं उतरत आलेली बैठक, पाक वरच्या टोकाला बसलेल्यालाही ढाक डाव लावलेला दिसतो. आमच्याकडं कुंडलला तर डोंगराचा उतारच गॅलरी आहे. जुन्या माणसांना हे कळत होतं की आखाड्याभोवती बैठक कशी पाहिजे. नवीन नकाशात सगळ्यात जवळच्या तीन-चार ओळी सोफ्याच्या दाखवतात, आणि त्या सोफ्यावर बसणारा पाहुणा सत्कार झाला, नारळ घेतला की पहिल्या नंबरच्या कुस्तीच्या आधी उठून जातो. पुढं रिकामे सोफे आणि मागं दाटीवाटी, असं मी एकदा नाही, शंभरदा बघितलंय आणि प्रत्येक वेळी पोटात तुटतं.

रिकाम्या पुढच्या खुर्च्यांचं दुखणं जगभर आहे. न्यूयॉर्कला २००९ मध्ये यांकीज ह्या बेसबॉल टीमचं नवीन स्टेडियम उघडलं, अगदी जवळच्या काही खुर्च्या एका मॅचला २५०० डॉलरला ठेवल्या, आणि टीव्हीवर त्याच मोकळ्या दिसायला लागल्या, महिन्याभरात काही दर निम्म्यावर आणावे लागले. आणि नुसतं मोठं बांधून पण भरत नाही. अहमदाबादला १ लाख ३२ हजारांचं स्टेडियम आहे, ५ ऑक्टोबर २०२३ ला वर्ल्डकपची पहिली मॅच, इंग्लंड-न्यूझीलंड, सुरू झाली तेव्हा बहुतेक स्टँड मोकळे होते.

इथपर्यंतचं थोडक्यात असं, की किती खुर्च्या, त्यातल्या खिडकीवर किती, आणि पुढच्या ओळी कुणाच्या, ह्या तीन गोष्टी नकाशावर ठरतात, उद्घाटनाच्या किमान वर्षभर आधी. दर नंतर ठरतो आणि तो बदलताही येतो. काँक्रीटची पायरी बदलत नाही.

आता गेटवरची एक गोष्ट सांगतो. आमच्या भागात एका नवीन हॉलमधली पहिलीच कबड्डी स्पर्धा होती, तिकिटाचं काम माझ्याकडं, आणि तिकिटं फक्त ऑनलाईन काढायची असं आयोजकांनी ठरवलं होतं, मी मान डोलावली होती. संध्याकाळी साडेसहाला एक आजोबा आले. मी त्यांना माझ्या सुरुवातीपासून ओळखत होतो, कान मोडलेले, तरुणपणी पैलवान, वय झाल्यावर पण सायकलवरनं येणार, जुन्या गॅलरीत दक्षिणेच्या कोपऱ्यात खालनं तिसरी फळी, तीच जागा. त्या दिवशी त्यांनी टोपी काढली, आत घडी घालून ठेवलेली शंभराची नोट काढली आणि गेटवरच्या पोराला दिली. पोरगं म्हणालं, "आजोबा, मोबाईल दाखवा, क्यूआर आला असंल." आजोबा म्हणाले, "मोबाईल न्हाई बाळा, पैसं हायती की." पोरगं चांगलं होतं, उद्धट नव्हतं, पण त्याच्या हातात स्कॅनर होता आणि स्कॅनरला नोट कळत नाही. मी आत होतो, येईपर्यंत पाच-सात मिनिटं गेली, तोवर त्यांनी नोट परत टोपीत ठेवून सायकल वळवली होती. मागं पळालो, हाक मारली, ते थांबले पण आले नाहीत. "तुमी लाजू नका, आता हे पोरांचं हाय" एवढंच म्हणाले. त्या दिवशी हॉलमध्ये ४०० च्या वर खुर्च्या मोकळ्या होत्या. दर त्यांना परवडत होता, जागा होती, तरी माणूस बाहेर गेला, आणि तो निर्णय मान्य करणाऱ्यात मी होतो. तेव्हापासून माझ्या कामाची अट आहे, ऑनलाईन कितीही ठेवा, पण खिडकी आणि कागदी तिकीट असल्याशिवाय मी काम घेत नाही. एक टेबल, एक पोरगं, सुट्ट्यांचा डबा, ह्याला असा काय खर्च येतो?

नवीन स्टेडियम वाईट असं मात्र मी अजिबात म्हणणार नाही. पावसानं मैदान रद्द होणं, पाईपची गॅलरी करकरायला लागली की जीव खाली-वर होणं, हे भोगलेला माणूस असं म्हणूच शकत नाही. आणि बायका-पोरी. जुन्या मैदानावर बाया का येत नव्हत्या? आवड नव्हती म्हणून नाही, बाथरूम नव्हतं आणि रात्री अकराला बाहेर पडायला उजेडाची वाट नव्हती म्हणून. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली, आपल्या जिल्ह्याची प्रतीक्षा बागडी जिंकली, अशा पोरींना बघायला त्यांच्या आया-बहिणी आल्या पाहिजेत तर स्वच्छ बाथरूम आणि धड खुर्ची पाहिजेच. त्यासाठी वीस-तीस रुपये जास्त द्यायला लोक कुरकुरत नाहीत हा माझा अनुभव आहे. लोक कधी चिडतात, तर आपल्याला न विचारता, आपल्याच जिवावर, आपल्याला मागं सरकवलं असं वाटलं की. इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबनं २०१६ मध्ये नवीन स्टँडचं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंड जाहीर केलं तेव्हा फेब्रुवारीतल्या संडरलँडविरुद्धच्या मॅचला बरोबर ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसं उठून बाहेर गेली. टीम २-० नं पुढं होती तेव्हा. मॅच २-२ झाली, आणि थोड्याच दिवसांत मालकांनी दर मागं घेऊन माफी मागितली. ह्यातली बरीच माणसं ७७ चं तिकीट घेणारी नव्हतीच, त्यांना पुढचं दिसत होतं.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत त्या पण सांगतो. नवीन स्टेडियमला पहिली दोन-तीन वर्षं इमारत बघायलाच लोक येतात, तेव्हा गर्दी असते, दर चढा ठेवला तरी खपतो, आणि आयोजकाला वाटतं हाच आपला प्रेक्षक. नवलाई संपली की ती गर्दी जाते आणि मग जुन्या माणसांची आठवण होते. तोवर त्यांना शनिवारी घरी बसायची सवय लागलेली असते, आणि मोडलेली सवय परत लावणं ह्या धंद्यात सगळ्यात अवघड आहे. दुसरं, खेळ कोणता. कुस्तीचं गावातलं मैदान बहुतेक ठिकाणी वर्गणी आणि यात्रा कमिटीवर चालतं, तिकीटच नसतं, ते बंदिस्त स्टेडियममध्ये न्यायचंच असं काही नाही, उघड्यावरच राहू द्या असं माझं स्पष्ट मत आहे. कबड्डीचं वेगळं, मॅटला छप्पर पाहिजेच.

तिसरं जीएसटी. खेळाच्या तिकिटाला ५०० रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे, त्याच्या वर गेलं की मान्यताप्राप्त स्पर्धेला १८ टक्के, आणि आयपीएलसारख्याला सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. म्हणजे माणसानं ५९० दिले तरी आयोजकाच्या हातात ५०० च येतात. त्यामुळं ५०० च्या थोडं वर कुणी ठेवत नाही, एकतर ५०० ला थांबतात नाहीतर एकदम ७००-८०० ला उडी मारतात. तुमच्याकडं पुढच्या रांगेचा दर ५०० च्या आत असंल तर चांगलं लक्षण समजा.

आणि कमी दरानं स्टेडियम भरत नाही, कमी दराला मान मिळत नाही असं कुणी समितीत म्हणालं, कुणीतरी म्हणतंच, तर त्यांना २०२५ चा महिला वर्ल्डकप सांगा. लीगच्या मॅचची तिकिटं १०० रुपयांपासून होती आणि २ नोव्हेंबरला डी. वाय. पाटीलवर फायनल कशी भरली होती ते सगळ्या देशानं बघितलं. आपल्या सांगलीची स्मृती मानधना ओपनिंगला होती, मानाचं काय कमी पडलं? खाण्याचं पण तसंच. अटलांटाला २०१७ मध्ये नवीन स्टेडियम झालं तेव्हा मालकानं आत हॉट डॉग दोन डॉलर, कोल्ड्रिंक दोन डॉलर असं ठेवलं आणि लोक लवकर येऊन आतच खायला लागले. तुमच्या स्टेडियमच्या ठेक्यात चहा दहाला आणि भडंग-शेंगा वीसला असं लिहून घ्या, कारण पाच मित्रांचं संध्याकाळचं बिल तिकिटानं कमी आणि आतल्या खाण्यानं जास्त वाढतं.

आता तुम्ही काय करायचं. एकट्यानं जाऊ नका, सहा-सात जण आहातच, अजून वीस-पंचवीस जुने प्रेक्षक, दोन-तीन वस्ताद आणि एखाद्या मंडळाचा अध्यक्ष धरा आणि समितीकडं लेखी अर्ज द्या. अर्जात दर कमी ठेवा असं मोघम लिहू नका, ते वाचून फाईलला लावतात. असं लिहा की मॅटच्या दोन लांब बाजूंपैकी एका बाजूच्या पहिल्या पाच ओळी सोफ्याविना, साध्या खुर्चीच्या किंवा पायरीच्या ठेवा आणि त्या सगळ्यात कमी दरात, खिडकीवर, पहिला येईल त्याला. सोफे समोरच्या बाजूला घाला, टीव्हीचा कॅमेरा असंल तर तो पण तिकडंच असतो, म्हणजे पाहुणे पण खूष. एकूण जागांच्या किती टक्के पास, हा आकडा ठरावात लिहायला लावा, माझ्या हातात असतं तेव्हा मी दहाच्या वर जाऊ देत नाही आणि सामना सुरू होऊन अर्ध्या तासात न भरलेली पासाची खुर्ची मागच्यांना मोकळी करतो. आणि सीझन पास मागा, वर्षभराच्या स्पर्धांचा एकच, जागेच्या नंबरासकट, म्हणजे तुम्ही सातही जण शेजारी-शेजारी राहाल. आम्ही एका ठिकाणी हे केलं, जुन्या गॅलरीतल्या लोकांना आधी आठ दिवस फक्त त्यांच्यासाठी खिडकी उघडली, वहीत नाव आणि जुनी जागा विचारून जवळात जवळची नवीन जागा दिली. ती वही लिहायला मीच बसलो होतो, माणसं तिसरी फळी, खांबाच्या डावीकडं, असं सांगत होती आणि आम्ही नकाशावर पेन्सिलनं गोल करत होतो.

स्लॅब पडलाय का अजून खोदकामच चाललंय ते तुम्ही लिहिलं नाही. पायऱ्या ओतल्या नसतील तर ह्याच आठवड्यात अर्ज द्या, आणि नगरपालिकेत किंवा ठेकेदाराच्या साईटवर बैठकीचा नकाशा लावलेला असतो, त्याचा सरळ समोरनं एक फोटो काढून मला पाठवा, कुठल्या ओळीपासनं बोनस लाईन दिसायची बंद होते ते मी खुणा करून देतो.